तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ चित्र शोधून काय मिळते?

चित्र आवडले, पुढे पाठवले, विषय संपला. ते मुळात कुणाचे याच्या मागे संध्याकाळच्या संध्याकाळ का घालवता, असे मला इतक्यांनी विचारले आहे की आता एकदा नीट लिहून ठेवते.

हे काम बटण दाबण्याइतके सोपे नाही. टिनआय ही चित्र देऊन त्याच्या इंटरनेटवरच्या प्रती शोधणारी यंत्रणा जुन्यात जुनी प्रत वर आणून दाखवू शकते, पण ती त्या यंत्रणेला सर्वांत आधी सापडलेली प्रत असते, मूळ असेलच असे नाही. कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली तारीख आणि जागा व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवताना गळून पडते. कुणी कडा कापतो, कुणी डावे-उजवे उलटवतो, आणि कापल्या जाणाऱ्या कोपऱ्यातच बहुधा सही असते.

तरीही शोधते, कारण चित्राचे नाव पुसले की त्यावर कुणीही काहीही लिहू शकतो. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा धाकट्या बहिणीला कवटाळून बसलेल्या एका मुलाचा फोटो भूकंपग्रस्त भावंडांचा म्हणून जगभर फिरला. तो ना सोन गुयेन या छायाचित्रकाराने २००७ साली व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतात काढलेला होता. आईवडील शेतावर गेलेले, मुले घरापुढे खेळत होती, आणि अनोळखी माणूस पाहून बहीण रडू लागली म्हणून भावाने तिला जवळ घेतले, एवढीच ती घटना. छायाचित्रकाराने स्वतः खुलासा केला, तरी फोटो फिरतच राहिला.

इथवर मी बरोबर आहे असे मला आजही वाटते. पुढचे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

काही वर्षांपूर्वी खिडकीकडे पाहत बसलेल्या एका वृद्ध स्त्रीचा फोटो ‘मुलांनी टाकून दिलेली आई’ या मथळ्याखाली फिरत होता. मथळ्याखालच्या शिव्या वाचून मी पेटून उठले आणि मूळ फोटो शोधायला बसले. चौथ्या रात्री एका खासगी, जेमतेम वीसेक फोटोंच्या संग्रहात तो सापडला. मूळ फोटो अधिक रुंद होता. कापून टाकलेल्या डाव्या भागात पलंगाचा लोखंडी कठडा होता आणि त्या कठड्यावर, तिच्या हातावर ठेवलेला, आणखी एक हात होता. तिला कुणी टाकलेले नव्हते, हे मला त्या एका हाताने सांगितले. मी त्याच क्षणी दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावल्या, खाली मूळ संग्रहाचा दुवा दिला आणि समाधानाने झोपले.

सकाळपर्यंत शेकडो लोक त्या संग्रहात जाऊन आले होते. कुणी सांत्वन लिहिले होते, कुणी त्याच शिव्या. दुपारी संग्रह नाहीसा झाला आणि मला एक निरोप आला: ‘ते आईचे शेवटचे दिवस होते. तो हात माझ्या बहिणीचा. तुम्ही आमची बाजू घेतलीत, पण सगळ्या गर्दीला आमच्या दारात आणून सोडलेत.’

मी दुवा काढला, क्षमा मागितली. उत्तर आले नाही, आणि ते यायला हवे होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

त्या रात्रीच्या मला मी अनेकदा बजावते की आधी त्यांना विचारायचे होतेस, दोन दिवस थांबायचे होतेस. ती उलट विचारते: त्या दोन दिवसांत ते खोटे आणखी किती ठिकाणी पोचले असते, आणि मूळ न दाखवता माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता? तिचे हे म्हणणे मला खोडता येत नाही. आता खासगी माणसाचा फोटो असेल तर परवानगीशिवाय दुवा देत नाही. चित्रकार आणि व्यावसायिक छायाचित्रकारांची नावे मात्र ठामपणे सांगते, कारण ते नाव हीच त्यांची कमाई असते. पण या दोहोंमधली रेघ प्रत्येक वेळी सरळ पडतेच, असे नाही.

ती कापलेली प्रत अजून फिरते. गेल्या आठवड्यात एका परिचिताने तोच मथळा लावून मला पाठवली. हे खोटे आहे, एवढेच मी कळवले. त्यांनी पुरावा मागितला. पूर्ण फोटो माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. मी तो पाठवला नाही.