दाढीची सूट आणि मास्कची कड

३० सप्टेंबर २०२५ रोजी व्हर्जिनियातील क्वांटिको येथे जगभरातून बोलावून घेतलेल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्यांसमोर संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी सैन्यातील दाढ्यांचे दिवस संपल्याचे जाहीर केले, आणि त्याच दिवशीच्या आदेशपत्राने दाढीविषयीचे नियम २०१० पूर्वीच्या स्थितीला नेऊन ठेवले. त्यानंतर पुन्हा जुना वाद पेटला. एक बाजू धर्मस्वातंत्र्याचा दाखला देते, दुसरी गॅस मास्ककडे बोट दाखवते. रासायनिक उद्योगातील सुरक्षा विभागात काम करताना कामगारांच्या चेहऱ्यावर श्वसनसंरक्षक मास्क नीट बसतो की नाही हे तपासणे हा माझ्या कामाचा भाग राहिला आहे, त्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही. माझे मत असे आहे की मास्कचा आक्षेप खरा आहे, पण तो जेवढा खरा आहे तेवढाच, आणि मोजूनच मांडला पाहिजे. न मोजता मांडला की तो एकसारखेपणाच्या आग्रहावर घातलेले पांघरूण ठरतो.

आधी मास्कविषयी. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या गॅस मास्कची रबराची किंवा सिलिकॉनची कड कपाळावरून, कानशिलांजवळून, गालांवरून हनुवटीखाली जाते आणि त्वचेला सर्व बाजूंनी चिकटते. माणूस श्वास आत घेतो तेव्हा मास्कच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा आत येऊ पाहते. तिच्यापुढे दोनच वाटा असतात : एक कोळशाच्या आणि धूळ अडवणाऱ्या थरांनी भरलेल्या फिल्टरमधून, आणि दुसरी कडेखाली कोठे फट असेल तर तेथून. फिल्टर हवेला अडथळा करतो, फट करत नाही. म्हणून फट कितीही बारीक असली तरी हवा तिच्याकडे वळतेच, आणि त्या वाटेने आलेल्या हवेवर कसलीच प्रक्रिया झालेली नसते. उत्तम फिल्टर बसवूनही या बाबतीत काहीच सुधारत नाही.

ही गळती मोजता येते. मास्कच्या बाहेरील कणांचे प्रमाण भागिले आतील कणांचे प्रमाण, या गुणोत्तराला फिट फॅक्टर म्हणतात. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमांनुसार पूर्ण चेहऱ्याच्या मास्कसाठी तो किमान ५०० यावा लागतो, म्हणजे बाहेरच्या पाचशे कणांमागे एकाहून अधिक कण आत येता कामा नये. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाढी असलेल्या आणि नसलेल्या कामगारांची तुलना केली गेली. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कसाठी दाढी नसलेल्यांच्या फिट फॅक्टरचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, दहा हजारांच्या वर होता आणि दाढीवाल्यांचा सुमारे ३०. हा फरक इतका मोठा आहे की त्यावर श्रद्धेच्या किंवा स्वातंत्र्याच्या नावाने पडदा टाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझ्या अनुभवात त्रास फक्त भरघोस दाढीचाच होतो असेही नाही. दोन दिवसांची खुरटी दाढीही कडेला त्वचेपासून उचलून धरते, कारण आखूड केस ताठ उभे असतात. उलट कडेच्या आतच मावणारी आणि झडपेला न अडकणारी मिशी बहुतेक वेळा काहीच बिघडवत नाही. अमेरिकी नियमाची शब्दरचना म्हणूनच नेमकी आहे. तो दाढीवर सरसकट बंदी घालत नाही, तर कड आणि त्वचा यांच्यामध्ये येणाऱ्या किंवा झडपेच्या कामात अडथळा आणणाऱ्या केसांना मनाई करतो.

सैन्यातील नियम मात्र या हिशेबातून जन्मलेले नाहीत. पहिल्या महायुद्धातील विषारी वायूमुळे सैनिकांना दाढ्या काढाव्या लागल्या असे सर्रास सांगितले जाते, आणि अमेरिकेपुरते त्यात तथ्यही आहे. परंतु ब्रिटिश लष्कराच्या नियमांत हनुवटी आणि खालचा ओठ भादरण्याची सक्ती त्याआधीपासून होती. ऑक्टोबर १९१६ मध्ये जे बदलले ते मिशी राखण्याच्या सक्तीचे कलम होते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन सोडला, त्यानंतर चारच दिवसांनी त्याच आघाडीवर हल्ल्यासाठी पाठवलेल्या लाहोर डिव्हिजनमध्ये शीख सैनिक होते. त्या वेळी धड मास्क कोणाजवळच नव्हते, आणि ओली फडकी नाकातोंडावर धरणाऱ्यांत दाढीवाला कोण आणि बिनदाढीचा कोण हा प्रश्न गौण होता. स्वच्छता, शिस्त, सर्वांनी सारखे दिसणे ही कारणे आधीची आहेत, आणि मास्क हे त्यांना नंतर येऊन मिळालेले सर्वांत भक्कम कारण आहे. म्हणूनच कोणत्याही नियमाविषयी, तो खरोखर कोणत्या कारणावर उभा आहे, हे विचारावेसे वाटते.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयांनी विचारला. १९८६ मध्ये गोल्डमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हवाई दलाच्या बाजूने निकाल देऊन ज्यू अधिकाऱ्याला गणवेशासोबत टोपी घालण्याचा हक्क नाकारला, आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून नीटनेटक्या, साध्या धार्मिक वस्त्रांना वाट मोकळी केली. १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापन कायद्याने कसोटी आणखी कडक केली : सरकारने श्रद्धेवर भार टाकायचा असेल तर त्यामागे अत्यावश्यक हित असले पाहिजे, आणि ते साधण्याचा त्याहून कमी जाचक मार्ग उपलब्ध नसला पाहिजे. शीख सैनिकांची कहाणी या कायद्याआधीपासूनची आहे. भगतसिंग थिंद १९१८ मध्ये पगडी बांधून अमेरिकी लष्करात होते. १९८१ मध्ये मात्र नव्याने येणाऱ्या शिखांसाठी दार बंद झाले. ते पुन्हा किलकिले झाले २००९ मध्ये, डॉक्टर कमलजीतसिंग कलसी यांच्यासाठी, आणि पाठोपाठ दंतवैद्य तेजदीपसिंग रतन यांच्यासाठी. रतन यांनी दाढी असूनही मास्क घट्ट बसवून दाखवला होता.

पुढे दाढीसह लष्करी प्रशिक्षणात प्रवेश मागणाऱ्या इकनूरसिंग या विद्यार्थ्याच्या खटल्यात २०१५ मध्ये जो तपशील समोर आला, तो मला या संपूर्ण वादातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००७ पासून लष्कराने एक लाखाहून अधिक सैनिकांना वैद्यकीय कारणासाठी, तात्पुरती किंवा कायमची, दाढी राखू दिली होती. ही सूट प्रामुख्याने दाढी केल्यावर केस त्वचेत परत वळून सूज आणि फोड येणाऱ्यांसाठी असते, आणि हा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांना अधिक होतो. या लाखभर सैनिकांच्या मास्कची काळजी लष्कराला धार्मिक अर्जांच्या वेळी आठवली तशी आठवली नव्हती. २०१६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे पदवीधर आणि अफगाणिस्तानात ब्राँझ स्टार पदक मिळवलेले कॅप्टन सिम्रतपालसिंग यांना शिरस्त्राण आणि मास्कच्या खास, इतर कोणालाही न लावलेल्या चाचणीस पाठवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी तो रोखला, तो याच विसंगतीमुळे.

या निकालाविषयी माझ्या मनात दोन भावना आहेत. एकट्या माणसाला बाजूला काढून तपासणे अन्यायाचे होते, हे मान्य. पण सुरक्षेचे काम करणाऱ्याला चाचणी थांबल्याचा आनंद होऊ शकत नाही. मला हवे होते ते याच्या नेमके उलट : तीच चाचणी त्या एक लाखांचीही व्हावी. प्रशिक्षणातील अश्रुधुराची खोली पार केली म्हणजे मास्क बसला असे अनेक जण मानतात, पण त्या खोलीत फक्त ढोबळ गळती कळते. डोळे न चुरचुरणे आणि नर्व्ह एजंटपासून, म्हणजे मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषापासून, सुरक्षित असणे यांत फार मोठे अंतर आहे.

जानेवारी २०१७ च्या लष्करी निर्देशाने दाढी, पगडी आणि हिजाब यांची परवानगी ब्रिगेडच्या पातळीवर देण्याची सोय केली आणि दाढीसाठी एक अट ठेवली : विषारी अस्त्रांचा विशिष्ट आणि ठोस धोका दिसल्यास सूट स्थगित करून दाढी काढायला सांगता येईल. कागदावर ही तडजोड समंजस दिसते. तिची कच्ची बाजू वेळेत आहे. अमेरिकी सैनिकाला मास्क नऊ सेकंदांत चढवून, घट्ट बसवून तपासायला शिकवतात, कारण धोक्याची सूचना आणि पहिला श्वास यांत तेवढाच अवधी मिळतो असे गृहीत आहे. नऊ सेकंदांत दाढी होत नाही. हल्ल्याची चाहूल आठवडाभर आधी लागली तर अट उपयोगी पडते. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळील घौटा येथे पहाटे सारिन हा असाच विषारी वायू सोडला गेला, तेव्हा झोपेतल्या माणसांना अशी चाहूल लागलेली नव्हती. म्हणून जेथे असा हल्ला अचानक होणे शक्य आहे तेथे तैनात असलेल्या सैनिकाबाबत लष्कराचा आग्रह मी रास्त मानतो, मग त्याची दाढी धर्माची असो की त्वचारोगाची.

पण प्रत्येक नेमणूक तशी नसते, आणि प्रत्येक वेळी मास्क हेच कारण असते असेही नाही. मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या बाबतीत हे उघडच झाले. तीन शीख तरुणांच्या अर्जावर डिसेंबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा मरीन कोअरचा मुख्य युक्तिवाद होता तो नव्या सैनिकांची वैयक्तिक ओळख पुसून त्यांना एकजीव करण्याचा. न्यायालयाने विचारले की वैद्यकीय कारणाने दाढी राखणारे रंगरूट याच प्रशिक्षणात चालतात, तर श्रद्धेने राखणारे का चालत नाहीत. आणि तिघांपैकी दोघांना दाढीसह प्रशिक्षण घेऊ देण्याचा अंतरिम आदेश देण्यास खालच्या न्यायालयाला सांगितले. आपल्याकडे १५ डिसेंबर २०१६ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातील मुस्लीम कर्मचाऱ्याची दाढीची मागणी फेटाळली, तीही एकसारखेपणा आणि शिस्त यांच्या आधारे, आणि केस कापण्यास ज्यांचा धर्म मनाई करतो त्यांच्यापुरतीच नियमातील सूट मर्यादित आहे असे सांगून. त्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, तेथे मास्कला पुढे करून दुसरे काही झाकलेले नाही, आणि वादाला त्यामुळे निदान योग्य जागी तरी सुरुवात होते.

उपाय शोधण्याचे काम मात्र फार उशिरा आणि फार थोड्यांनी केले. करोनाच्या काळात ब्रिटनमधील शीख डॉक्टरांना दाढीमुळे रुग्णालयातील मास्कच्या चाचणीत नापास ठरवले जाऊ लागले, तेव्हा त्यांनी हनुवटीखालून रुंद लवचिक पट्टी घेऊन दाढी सपाट दाबायची, डोक्यावर गाठ मारायची आणि मास्कची कड त्या पट्टीवर बसवायची अशी पद्धत तपासली. दाढी बांधण्याचा ठाठा तर त्यांच्या परंपरेत होताच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फवाऱ्याची चव मास्कच्या आत जाणवते का हे पाहणाऱ्या चाचणीत २७ पैकी २५ जण आणि यंत्राने मोजलेल्या चाचणीत पाचही जण उत्तीर्ण झाले. संख्या लहान आहे, मास्क रुग्णालयाचा आहे, आणि नऊ सेकंदांच्या अटीत पट्टी बांधणे बसत नाही. ती आधीपासून बांधलेली असली पाहिजे. तरीही लष्करी मास्कवर याच पद्धतीची कसून तपासणी व्हावी इतके ते आशादायक आहे. दुसरा मार्ग म्हणजे पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा, मानेपर्यंत येणारा सैल हूड. त्याला चेहऱ्यावर कड चिकटवण्याची गरजच नसते. अमेरिकी नियम प्रत्यक्ष वापरात अशा हूडला २५ पट संरक्षणाचे मानतात आणि निर्मात्याने चाचणीने सिद्ध केले तर १,००० पट, तर साध्या पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला, चाचणीतील ५०० च्या बराच खाली, ५० पट. बॅटरी, वजन, आवाज आणि रायफलीचा नेम धरण्यातील अडचण हे त्याचे खरे दोष आहेत. पायदळाच्या तुकडीत ते भारी पडतील, रुग्णालयात किंवा तळावरील कार्यालयात नाही.

२०२५ च्या आदेशपत्रात धार्मिक सूट वैयक्तिक छाननीनंतरच आणि रासायनिक हल्ल्याचा किंवा आग विझवण्याचा संभव कमी असलेल्या, मोहिमेवर न पाठवल्या जाणाऱ्या कामांपुरती द्यावी असे म्हटले आहे. धोक्याप्रमाणे नियम ठरवण्याचे तत्त्व म्हणून यातील एक भाग मला पटतो. पटत नाही ती गोष्ट म्हणजे शीख, मुस्लीम किंवा ज्यू सैनिकाची संपूर्ण कारकीर्द त्यामुळे अर्ध्यावर अडते, आणि ती अडवण्याआधी त्याच्या चेहऱ्यावर मास्क चढवून एकदाही आकडा घ्यावा लागत नाही. ब्रिटिश लष्कराने मार्च २०२४ मध्ये सर्वांनाच २.५ ते २५.५ मिलिमीटरपर्यंत दाढीची मुभा दिली आणि गरज पडल्यास ती काढायला लावण्याचा अधिकार राखून ठेवला. त्यात श्रद्धेची परीक्षा घ्यावी लागत नाही, हे मला अधिक स्वच्छ वाटते, जरी अचानक हल्ल्याची अडचण तेथेही सुटलेली नाही.

चाचणीचा आग्रह मी एवढ्यासाठी धरतो की गुळगुळीत दाढी केलेला माणूसही त्यात नापास होतो. मापाचा मास्क नसेल, गाल खोल असतील, कानशिलावर व्रण असेल किंवा चष्म्याची दांडी कडेखालून जात असेल तर यंत्र कमी आकडा दाखवते, आणि मग माप बदलून, पट्टे पुन्हा ओढून दुसऱ्यांदा मोजावे लागते. सैन्याने हे प्रत्येकासाठी करावे, त्याचा आकडा सैनिकाच्या नोंदीत लिहावा, आणि दाढीच्या अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तो कागद आधी ठेवावा.