आमची वाटचाल : थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी ओतकामाचा छोटा कारखाना सुरू केला, तेव्हा ऑइल इंजिनांचे आणि शेती अवजारांचे सुटे भाग हेच आमचे मुख्य काम होते आणि कारखान्यात साहेब म्हणावे असे कोणीही नव्हते. वडील स्वतः भट्टीजवळ उभे राहत, वाळूतली ओल मुठीत दाबून सांगत आणि संध्याकाळी बिलांवर सह्याही तेच करीत. पुढे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली, कोळशावर चालणारी क्युपोला भट्टी जाऊन विजेवरची इंडक्शन भट्टी आली, वाहन उद्योगाची कामे मिळू लागली आणि उत्पादन, गुणवत्ता, विक्री, खरेदी अशा प्रत्येक विभागाला प्रमुख नेमणे भाग पडले. भट्टी उभी करण्यापेक्षा ही प्रमुखपदे नीट उभी करणे आम्हांला अधिक कठीण गेले, म्हणून या लेखात त्याविषयीच सविस्तर लिहीत आहे.

आमच्या उत्पादन प्रमुखांचे ओतकामाचे ज्ञान पक्के होते, शिस्त कडक होती आणि महिन्याचे टनेज ते कधी चुकू देत नसत. तरीही एसजी आयर्नच्या, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाच्या, कामात ग्राहकाकडून माल परत येऊ लागला, तोही यंत्रकाम झाल्यानंतर, म्हणजे नुकसान सर्वांत जास्त होते अशा टप्प्यावर. या लोखंडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात तयार व्हावे म्हणून वितळलेल्या धातूवर मॅग्नेशियमची प्रक्रिया करतात. मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंश सेल्सिअसला उकळते आणि धातू त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो, त्यामुळे त्याचा परिणाम प्रत्येक मिनिटाला ओसरत जातो. साधारण दहा मिनिटांत ओतकाम उरकले नाही, तर वरून निर्दोष दिसणाऱ्या कास्टिंगच्या पोटात ग्रॅफाइटचा आकार बिघडलेला असतो आणि त्याची ताकद कमी झालेली असते. साचे तयार नसतील किंवा क्रेन अडकली असेल, तर लॅडलमधला, म्हणजे ओतण्याच्या पात्रातला, धातू साच्यात न ओतता पिग करणे, म्हणजे पुन्हा वितळवण्यासाठी बाजूला ओतून टाकणे, हाच योग्य मार्ग असतो. वेळ टळली आहे हे सर्वांत आधी कळते ते लॅडलवरच्या कामगाराला, आणि नेमका तोच गप्प राहत होता.

दोष कुठे आहे याचा शोध आम्ही माणसांच्या स्वभावात घेतला नाही, हीट नंबरच्या, म्हणजे भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्याला दिलेल्या क्रमांकाच्या, वहीत घेतला. परत आलेल्या मालाचे हीट नंबर पाळीनिहाय लावून पाहिले, तेव्हा ज्या पाळीत पिग केलेल्या धातूची एकही नोंद नव्हती, त्याच पाळीचा माल सर्वाधिक परत आलेला दिसला. ओतकामात धातू कधीच पिग करावा लागला नाही असे होत नाही. तेव्हा त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ एवढाच होता की वाईट बातमी वरपर्यंत पोहोचतच नव्हती. टनेज कमी पडले की प्रमुख सर्वांसमोर जाब विचारीत, त्यामुळे ‘साहेब, हा धातू वाया गेला’ असे म्हणण्यापेक्षा तो साच्यात ओतून मोकळे होणे कामगारांना सोपे वाटत होते. वरिष्ठांमधील दुबळेपणांपैकी हा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो असलेल्या विभागाचे कागद सर्वांत स्वच्छ दिसतात.

प्रमुखांना प्रशिक्षणाला पाठवून हे सुटले नसते. आम्ही दोन गोष्टी बदलल्या. वेळ टळल्यास कोणाचीही परवानगी न घेता धातू पिग करण्याचा अधिकार लॅडलवरच्या कामगाराला लेखी दिला, आणि प्रमुखांचे काम ओतलेल्या टनांऐवजी ग्राहकाने स्वीकारलेल्या टनांवर मोजू लागलो. वाहन उद्योगासाठी २०१६ मध्ये आलेल्या आयएटीएफ १६९४९ या मानकातही गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाला उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा असे म्हटले आहे. पण कागदावरचा अधिकार कामगाराला खरा वाटायला वेळ लागतो. ऐन डिलिव्हरीच्या गडबडीत एका तरुण कामगाराने भरलेली लॅडल पिग केली आणि सगळे प्रमुखांच्या तोंडाकडे पाहू लागले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘साचे का तयार नव्हते?’ त्या प्रश्नानंतर वहीतल्या नोंदी वाढल्या. हे त्यांना सहज जमले नाही, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे.

विक्री विभागाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. साचे तयार करणाऱ्या मोल्डिंग लाइनवर किती जागा शिल्लक आहे हे न विचारता ग्राहकाला तारखा दिल्या जात होत्या. आता उत्पादन विभागाच्या सहीशिवाय तारीख जात नाही.

सह्यांचा प्रश्न मात्र घरातलाच होता. कोअरच्या वाळूपासून ग्राइंडिंग व्हीलपर्यंत प्रत्येक खरेदी वडिलांच्या सहीसाठी थांबत असे, आणि ते परगावी असले की प्रमुख अनुभवी असूनही हात बांधून बसत. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत गुणवत्तेचे काम पाहणारा व्यवस्थापन प्रतिनिधी नेमण्याची सक्ती गेली आणि गुणवत्तेचे उत्तरदायित्व थेट वरिष्ठ नेतृत्वावर आले. त्या निमित्ताने आम्ही प्रत्येक पदाची खर्चाची मर्यादा ठरवली. मर्यादेतल्या खरेदीची फाइल मालकांकडे आणायचीच नाही, हा नियम वडिलांनी स्वतः लिहून फलकावर लावला.

आता दुसऱ्या पाळीसाठी नवा प्रमुख नेमायचा आहे. दोन उमेदवार आमच्याकडचेच आहेत, आणि दोघांच्याही तांत्रिक ज्ञानाविषयी शंका नाही. म्हणून त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मोल्डर आणि भट्टीवाल्यांशी आम्ही वेगवेगळे बोलत आहोत. काम अडले होते ते तुम्ही यांना केव्हा सांगितलेत, आणि सांगितल्यावर पुढे काय झाले, हे दोनच प्रश्न आम्ही त्यांना विचारतो.