वर घातलेली चिमणी

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला आणि मी लगेच हो म्हणून बसलो. शाळेबद्दल लिहा म्हणाले होते. मला बाईंबद्दल लिहायचंय. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये.

कोणत्या बाई, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, खडूला कागदाची गुंडाळी, आणि हजेरी कायम शेवटच्या नंबरापासून. माझा नंबर ६१. इतर तासांना माझं नाव येईपर्यंत सरांचा आवाज बसलेला असायचा. बाईंच्या तासाला पहिली ‘हजर’ माझी.

मी नववी ‘ड’चा. तेव्हा तुकड्या मार्कांवर पडत, त्यामुळे ‘ड’ म्हणजे काय ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. व्हरांड्याच्या टोकाला, मुतारीला लागून आमचा वर्ग. साल १९८२. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झालेला, जून आला तरी बाबा घरीच. आईने चिंचपोकळीच्या पुलाखाली भाजी घेऊन बसायला सुरुवात केली. संध्याकाळी मी तिच्याजवळ कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचो, भाजीवर पाणी मारायचो. वर्गात हे कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

बाई गणित शिकवायच्या आणि शुक्रवारी शेवटचा तास बायबलचा घ्यायच्या. वर्गात ख्रिस्ती मुलं चार, बाकी आम्ही लालबाग-काळाचौकीचे. एका शुक्रवारी त्यांनी फळ्यावर चक्क गणित घातलं. एका दमडीला दोन चिमण्या, तर दोन दमड्यांना किती? सगळे ओरडलो, चार! तेवढं ‘ड’लाही येत होतं.

बाई म्हणाल्या, “मत्तयाच्या शुभवर्तमानात दमडीला दोनच आहेत. पण लूकच्या बाराव्या अध्यायात दोन दमड्यांना पाच दिल्यात. कोण चुकलं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “कुणीच नाही बाई. पाचवी वर घातली.”

वर्ग फिदीफिदी हसला. मागून कुणीतरी “ए भाजीवाल्या” म्हणालं. म्हणजे माहीत होतं सगळ्यांना. बाईंनी खडू टेबलावर ठेवला.

“वर घातलेल्या चिमणीचा भाव किती रे?”

“काहीच नाही बाई.”

“आणि येशू पुढे काय म्हणतो? त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. त्या पाचवीचाही.” मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही सगळे त्रैराशिक मांडत बसलात. हा बाजारात बसलाय, म्हणून याला सापडलं.”

त्याआधी कुणी माझ्या बाजारात बसण्याला गुण म्हटलं नव्हतं.

येशूच्या खालोखाल बाईंच्या तोंडी नाव असायचं पंडिता रमाबाईंचं. १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन ही मुलींची शाळा काढली, तेव्हा तिथे शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी गोदूबाई. तीच पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. घरोघर अशा मुलींना कुणी हिशेबात धरत नव्हतं, वर घातलेल्या चिमण्याच त्या, असं बाई त्या दिवशी बोलून गेल्या आणि घंटा झाली.

दोन दिवसांनी बाई पुलाखाली हजर. मेथीची जुडी घेतली. आईने सवयीने वर थोडी कोथिंबीर टाकली. बाईंनी तिचे चार आणे वेगळे पुढे केले. आई चिडलीच.

“वरचं आहे ते बाई, त्याचे कसले पैसे? उद्या गिऱ्हाईक म्हणेल, हिची दानत गेली.”

“अहो ताई, संपाचे दिवस आहेत...”

“संप गिरणीत आहे. माझ्या टोपलीत नाही.”

बाईंनी मुकाट्याने चार आणे पर्समध्ये परत टाकले. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, “कृपा हा शब्द मी लहानपणापासून उपासनेत ऐकतेय. काल चिंचपोकळीच्या पुलाखाली डोळ्यांनी पाहिली.” मी बाकाखाली शिरायच्या बेतात होतो.

मी ख्रिस्ती झालो नाही. बाईंनी कधी तसं सुचवलंही नाही. आमच्याकडे आजही दीड दिवसाचा गणपती बसतो.

पुढे आयटीआय केलं आणि आज कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख आहे. (आई हे सगळ्यांना सांगते, मग मी एकदा सांगितलं तर काय बिघडलं.) २५ मिलिमीटरच्या भोकाला एच-७ हे माप दिलं की चुकायला सूट फक्त २१ मायक्रॉनची, केसाच्या जाडीहूनही कमी. भोक तपासायच्या गेजची ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. यात कुठेही चुकलं तर माल लाल पेटीत, म्हणजे बाद. तिथे दयामाया नाही, आणि नसावीच.

मागच्या वर्षी एका शिकाऊ पोराचे चाळीस नग लाल पेटीत गेले. मी चारचौघांत त्याला म्हटलं, “मालाबरोबर तूही रिजेक्ट.” नंतर पाहिलं तर भोक मापाला आणणारा रीमरच झिजलेला होता, भोक लहानच पडणार, ‘गो’ आत जाणार कुठून? रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्याच्या मशीनपाशी गेलो. माफीचे शब्द काही जमेनात, म्हणून नवा रीमर स्वतः स्टोअरमधून आणून दिला. पोरगं “थँक्यू सर” म्हणालं. बाई असत्या तर अख्ख्या वर्कशॉपसमोर माफी मागितली असती.

बाई गेल्या त्याला बारा वर्षं झाली. शिवडीच्या दफनभूमीत आम्ही ‘ड’चे सतरा जण होतो, ‘अ’चे दोन.

परवा शाळेत येऊन गेलो. नववीची एकच तुकडी उरलीय आणि आमच्या वर्गाला कुलूप आहे. एवढ्याशा मुलांत हजेरी कुठूनही घेतली तरी सारखीच. फार वाईट वाटलं, पण बोलू कुणाला? माझी दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत शिकली.

समितीने पाचशे शब्द सांगितले होते. दीड-दोनशे जास्त झाले असतील. ते वर घातलेत असं समजा.