समई, चिंच आणि टेक्सासच्या पुंगळ्या

आज सकाळी गिरगावात चाळीच्या गॅलरीत बसून समया घासत होते. हात चिंचेने माखलेले आणि नेमका टेक्सासहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल. त्याच्याकडे शनिवारची रात्र. म्हणाला, "ताई, मीपण पितळच घासतोय!" बघते तर टेबलावर रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग. तिकडे शौकीन नेमबाज त्या घरीच पुन्हा भरतात म्हणे. (आपल्याकडे भाड्याच्या खोलीत हा उद्योग केला तर घरमालकाआधी पोलीस येतील.)

घासतं कोण, तर मशीन. अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात तासन्‌तास घुसळतं. मला भारी हेवा वाटला.

मग एक पुंगळी त्याने कॅमेऱ्यासमोर धरली. बुडाच्या जरा वर केसाएवढी चकचकीत रेघ. टोक वाकवलेली तार आतून फिरवली की तिथेच अडकते. म्हणजे पितळ आतून झिजलंय, पुढच्या बाराला तुटणार. ती सरळ भंगारात. बाकीच्यांचे जुने प्रायमर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, काढायचे, पुंगळ्या वंगण लावून डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायच्या, लांबी मोजायची. .३०८ विंचेस्टर या जातीच्या काडतुसाची पुंगळी ५१.१८ मिमीच्या वर गेली की छाटायची.

मी आपलं सुचवलं, "अमोनिया लाव की." तो ओरडलाच! ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्ताचं हे पितळ अमोनियाने तडकतं. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं इथेच, भारतात, पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवल्याने तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया!

तेवढ्यात आई आतून, "चिंच वाळली ना गं?"

वाळली होती.