काल मध्येच थांबलात

मंगळवार, रात्री उशिरा

वरच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या. हातात दुधाची पिशवी, पायात लोकरीचे मोजे. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "काल मध्येच थांबलात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले.

"मी म्हटलं, येईल परत, आता येईल. मग डोळा लागला माझा." तेवढ्यात माझा मजला आला. मी उतरले, त्या वर गेल्या. झालं एवढंच. आणि आता साडेअकरा वाजून गेलेत, ह्यांचं घोरणं सुरू झालंय, नि मी इथं स्वयंपाकघरात वही घेऊन बसलेय.

म्हणजे माझं गाणं वर ऐकू जातं. खिडक्या बंद असतात, मोबाइलवरचा तानपुरा इतका बारीक ठेवलेला की मलाच कान द्यावा लागतो, वर एक्झॉस्ट फॅन चालू. तळण असो नसो, गाताना तो चालूच. इतका बंदोबस्त करूनही वरच्या मजल्यावर ऐकू जातं. आणि जातं ते कधीपासून जातं? हे मात्र मला विचारता आलं नाही.

काल थांबले कारण बेल वाजली. कुरिअर, तेसुद्धा समोरच्यांचं. बेल वाजली की माझा आवाज आपोआप बंद होतो. दार उघडायला जाताना मी ओढणी सारखी करते आणि आत्ताच कुकर लावत होते असा चेहरा करून उभी राहते. त्या कुरिअरवाल्या पोराला काय पडलंय मी काय करत होते त्याचं? पण चेहरा होतोच तसा.

गाण्याच्या क्लासातल्या बाईंनी केदार दिलाय. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, म्हणजे नेमकी आमच्याकडे भाजी फोडणीला टाकायची वेळ. केदारात षड्जावरून सरळ मध्यमावर जायचं असतं. मध्ये रिषभ नाही, गंधार नाही, टेकायला काही नाही. यमनात कसं, नि रे ग करत पायरी पायरीनं वर जाता येतं. इथं सा, आणि एकदम म. जायचं आणि तिथं उभं राहायचं, कारण वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, तोच. माझा मध्यम लागतो पण केसभर खाली. बाई म्हणतात, "स्वर कमी नाही पडत, तुम्ही हात आखडता घेता." पुन्हा म्हणायला लावतात. पुन्हा केसभर खाली. शेजारी बसलेली नववीतली मुलगी तोच मध्यम सहज लावते आणि वर पेन्सिल चावत बसते.

बेल वाजली तेव्हा मी नेमकी त्याच जागी होते.

पूर्वी माझी पट्टी पेटीवरची काळी पाच होती. मग थायरॉइड, मग पाळी गेली, मग मधली सगळी वर्षं घशातून फक्त हाका मारल्या. आता काळी तीन, आणि तीही सकाळी सकाळी नाही. बाई मला गंगूबाई हनगलांचं सांगतात. तरुणपणी घशावर उपचार झाले, आवाज बदलला, पुरुषी वाटावा इतका जाड झाला, आणि त्याच आवाजात पुढं आयुष्यभर गायल्या. हे ऐकून मला धीर यावा अशी बाईंची इच्छा असते. येत नाही. त्या गंगूबाई. मी तिसऱ्या मजल्यावरची, जिला कुरिअरवाल्याची भीती वाटते.

आज जरा रडूही आलं. लिहून ठेवते. आमच्याकडे गाणं म्हणजे मंगळागौर, फार तर गणपतीत आरतीची वरची पट्टी धरायला. "तुझा आवाज चांगला आहे गं, तू सुरू कर." सुरू करायची, सगळ्या मिळून शेवट करायच्या. इतकी वर्षं मी सुरू करून देणारी. नुसतं गाणं, कुणाच्या ओटीभरणाचं नाही, कुठल्या सणाचं नाही, असं घरात कधी झालंच नाही. मीही कधी म्हटलं नाही की करू या.

आईचा तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला होता. भोपळ्यावर एका बाजूला पोचा आलेला. ती तारेखाली पांढरा दोरा बोटाच्या टोकानं सरकवत राहायची, जवारी, म्हणजे तारेची आस, खुलेस्तोवर. खुलली की मान न वळवता म्हणायची, "हं, आता ये." त्या तंबोऱ्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा ह्यांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

असो.

भीती नक्की कसली, ते आज एकदा नीट बघायचंय. बेसूर होण्याची? ती मी क्लासात दर वेळी होते, दहा-बारा पोरांच्या देखत. नापास होण्याची? कळणार कुणाला? अर्ज भरलेलाच नाही अजून. मध्यमा प्रथम ह्या गाण्याच्या परीक्षेच्या अर्जाची लिंक बाईंनी ग्रुपवर टाकून बरेच दिवस झाले. शुक्रवारी मुदत संपते, मग विलंब शुल्क. लिंक मी उघडते. जन्मवर्ष निवडायला खाली खाली सरकवत जायचं. क्लासमधल्या पोरांची वर्षं वरच्या वर सापडत असतील, माझं येईस्तोवर अंगठा अवघडतो. तिथवर पोचले की काहीतरी काम आठवतं.

मागच्या परीक्षेचं अजून डोक्यातून जात नाही. केंद्रावर सगळीकडे झालरीचे फ्रॉक, तेल लावून घातलेल्या वेण्या, बाटलीतून कोमट पाणी पाजणाऱ्या आया. दाराशी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं." आणि मी खरोखर बाहेर जाऊन थांबले! हॉल तिकीट हातात, आणि बाकड्यावर पालकांत. शेवटी आमच्या क्लासमधली एक चिमुरडी धावत आली, "काकू, तुमचा नंबर पुकारला." बाकड्यावरच्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या. त्यात वाईट कुणीच नव्हतं. एक तर म्हणाली, "ऑल द बेस्ट हं." तरी मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

लिहिता लिहिता लक्षात येतंय. आजींनी "केवढं बेसूर" म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं. हसून सोडून दिलं असतं. त्या वाट बघत राहिल्या, ते लागलं. मला काहीतरी हवंय, ते वरच्या मजल्यापर्यंत पोचलं. बायकांना हवं असतं ते चारचौघांत चालण्यातलं असतं. साडी चालते. मुलीला चांगलं स्थळ चालतं. पंचावन्नाव्या वर्षी चारधाम चालतं. पण केदारातला मध्यम नीट लागावा, आणि तो कुणाच्या काही उपयोगाचा नसावा, हे हवं असणं कुणासमोर उघड्यानं घेऊन बसायचं म्हणजे... मला त्याचीच लाज वाटते. भीती बहुतेक त्या लाजेची आहे. बेसूर होणं त्यापुढं काहीच नाही.

बुधवार, रात्री

काल रात्री झोप लागेना म्हणून शास्त्राची वही काढली. विष्णू दिगंबर पलुस्करांचं चरित्र परीक्षेला हमखास येतं. जन्म १८७२, कुरुंदवाड. आमच्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी फटाका उडून डोळे गेल्यात जमा, उपचाराला मिरजेत आणलं, तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं. ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घरंदाज घरांत जावं, बायामुलींनाही ते मानानं शिकता यावं, हा त्यांचा ध्यास. इथं वहीत मी लाल शाईनं अधोरेखित केलंय, "महत्त्वाचे."

त्याला सव्वाशे वर्षं होत आली. आणि मी एक्झॉस्ट फॅन लावते.

पुढच्या पानावर हिराबाई बडोदेकर. जन्म मिरजेचाच, १९०५. त्या काळी बाईनं तिकीट लावून जाहीर मैफल करायची म्हणजे काय काय ऐकावं लागलं असेल! बैठकीचं गाणं त्यांनी तिकीट लावलेल्या थिएटरात नेलं, तेही असं की लोकांना मान झुकवावी लागली. मी हे सगळं पाठ करणार, पेपरात लिहिणार, आणि बेल वाजली की गप्प होणार. मध्यरात्री एकटीच हसले. फिस्सकन. हे कुशीवर वळले.

सकाळी चहाच्या वेळी म्हटलं ह्यांना, की परीक्षेचा अर्ज भरायचाय, भरू का नको कळत नाही. इतकी तयारी करून बोलले होते. पोटात गोळा.

"फी किती आहे?"

सांगितली.

"एवढीच? मग भर की." आणि पेपर उलटला.

इतक्या वर्षांचं माझं ओझं, त्याचा निकाल ह्यांनी भाव विचारून लावला. राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरंच हलकं वाटलं, कारण त्यांना खरंच त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मी गाते हे ह्यांना ठाऊकच आहे म्हणे, "रोज त्या फॅनबरोबर गातेस ते."

फॅनबरोबर!

अर्ज भरला. जन्मवर्षापाशी थांबले नाही, सपासप खाली गेले. फोटो आधार कार्डावरचा लावलाय. त्यात मी गाणारी कमी आणि फरारी जास्त दिसते, पण चालतंय. पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा हात थरथरत होते, उगीच नाटक करत नाही. थरथरतच होते.

संध्याकाळी केदार घेतला. फॅन बंद. नाहीतरी तळायचं काही नव्हतं. मध्यम एकदा बरा लागला, मग परत खाली, मग बरा. बेल वाजली. मी थांबलेच! सवय कुठं जाते. वॉचमन होता, मेंटेनन्सचं बिल घेऊन. "ताई, चालू द्या, मी नंतर येतो," म्हणाला. मी बिल घेतलं, दार लावलं आणि जिथं तोडलं होतं तिथून धरलं. आवाज फाटला. फाटू दे म्हटलं. आजींनी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. त्यांना जाऊन काही सांगावं असं सारखं वाटतंय, पण काय सांगू? त्यांच्या घरी पूर्वी पेटी होती असं कुणीतरी म्हणालं होतं. बघू.

शनिवार

गायचं राहिलं बाजूला, आता लेखीची धास्ती. गाणं लिहून ठेवायच्या दोन स्वरलिपी, एक भातखंड्यांची, एक पलुस्करांची, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तार, म्हणजे वरचं सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब दिलं की मंद्र, म्हणजे खालचं. थोर माणसं, बसून एकदा ठरवून घ्यायला काय हरकत होती? काल मी अख्खी बंदिश पलुस्कर पद्धतीत लिहिली आणि वर जायचं ते सगळं पाताळात नेऊन ठेवलं.

लेक अनू उद्या व्हिडिओ कॉलवर तोंडी घेणार आहे. म्हणाली, चुकलीस तर पाच पाच वेळा लिहून फोटो पाठवायचा. तिच्या दहावीला मी हेच करायचे, सप्टेंबरपासून. वसूल करून घेऊ दे तिला. मी आज सकाळी बाजारातून शंभरपानी वही आणलीये.