सग्वारो उद्यान: टूसॉनच्या निवडुंगांच्या रानात

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशा दोन तुकड्यांत सग्वारो राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. तेथील लोक या नावाचा उच्चार ‘सवारो’ असा करतात. फिनिक्सहून मोटारीने साधारण दोन तासांत टूसॉन गाठता येते; मात्र उद्यानाच्या दोन भागांमध्ये सगळे शहर आडवे येत असल्याने एका दिवसात दोन्ही उरकण्याचा हव्यास धरू नये. आम्ही मार्च महिन्यात गेलो आणि सवारो नावाच्या उंच निवडुंगांची दाटी अधिक असलेला पश्चिमेकडचा भाग निवडला. तेथील बहादा लूप हा रस्ता कच्चा आहे, पण साधी गाडीही सावकाश नेली तर अडचण येत नाही.

चाळीस-पन्नास फुटी सवारो गाडीतूनही दिसतात. पाहण्यासारखी गोष्ट पालो व्हर्दे नावाच्या हिरव्या सालीच्या झाडांखाली असते. पायवाटेलगतच्या अशाच एका झाडाच्या विरळ सावलीत अंगठ्याएवढे सवारोचे रोप आम्हाला दिसले. पहिल्या आठ वर्षांत हे रोप जेमतेम एक-दीड इंच वाढते, त्यामुळे ऊन, थंडी आणि कुरतडणारे प्राणी यांपासून वाचण्यासाठी त्याला अशा आडोशाची गरज भासते. पहिले फूल येण्यास सुमारे ३५ वर्षे लागतात आणि बाहू फुटण्यास ५० ते ७०. पाऊस फारच कमी असेल तर शंभरही. खोडावरच्या उभ्या घड्या पाऊस पडला की पेटीच्या भात्यासारख्या फुलतात आणि कोरड्या दिवसांत मिटतात. उथळ मुळे मात्र झाडाच्या उंचीइतकी दूरवर पसरलेली असल्याने थोडक्या सरीचे पाणीही वाया जात नाही.

याचे शास्त्रीय नाव कार्नेजिया जायगँटिया. कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०३ मध्ये टूसॉनच्या टुमामोक टेकडीवर वाळवंटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली होती. पुढे १९०८ मध्ये ब्रिटन आणि रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडासाठी वेगळी प्रजाती मानून तिला त्या संस्थेचे संस्थापक अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव दिले. पिढ्यान्‌पिढ्या लांब काठीने याची फळे उतरवणाऱ्या येथील मूळ रहिवासी तोहोनो ऑधम लोकांऐवजी पोलादसम्राटाचे नाव झाडाला चिकटावे, हे मला तरी पटत नाही. फेरोकॅक्टस विस्लिझेनी या गोल, बुटक्या निवडुंगाच्या नावाचा पहिला भाग ‘उग्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि दुसरा विस्लिझेनस या जर्मन वंशाच्या डॉक्टरवरून. हा निवडुंग बहुधा दक्षिणेकडे कललेला दिसतो.

आपल्याकडचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतलाच आणि खरा कॅक्टस आहे. चीक येणारा त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया कुळातला आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे: कॅक्टसचे काटे नेहमी लहानशा लोकरी ठिपक्यातून झुबक्याने निघतात. मोठे भिंग सोबत असल्यास हे ठिपके छान न्याहाळता येतात.

चोया जातीच्या निवडुंगांपासून चार हात दूरच राहावे. त्यांची पेरे किंचित स्पर्शानेही सुटून कपड्यांना आणि कातडीला रुततात; ती बोटांनी न ओढता दाते दूर असलेल्या कंगव्याने उडवावीत आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. या दोन्ही वस्तू खिशातच असाव्यात. दिवसाला माणशी चार लिटर पाणी न्यावे, कारण पायवाटांवर पाण्याची सोय नसते. लहान मुले बरोबर असतील तर प्रथम जवळच्या ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये जावे. तेथे झाडांजवळ नावांच्या पाट्या असल्याने पुढे रानात ओळख पटवणे सोपे जाते. सवारोची पांढरी फुले पाहायची असतील तर मे महिना गाठावा लागतो. ती रात्री उमलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटत असल्याने, आणि तोवर ऊनही असह्य होत असल्याने, पहाटेच फिरायला निघावे.