लावोचं भूत आणि प्लेसीची कबर

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं फ्रेंच क्वार्टर, जॅझ, गुंबो हा तिथला रस्सा, सगळं मनसोक्त झालं. लिहायचंय ते सेंट लुईस सिमेट्री नंबर १ बद्दल, कारण तिथून मी चिडून बाहेर पडले.

ही दफनभूमी १७८९ ची. कबरी जमिनीत नाहीत, वर आहेत. विटांच्या छोट्या खोल्याच त्या. गिलावा पडलेल्या फटींतून नेचे उगवलेले. उन्हाने ही खोली भट्टीसारखी तापते. वर्ष आणि वर एक दिवस उलटला की उरलेली हाडं खालच्या खड्ड्यात सारतात आणि त्याच जागी घरातलं पुढचं माणूस ठेवतात. हे ऐकून मी थक्क झाले. पण आमच्या गाइडने ते दोन वाक्यांत उरकलं, कारण त्याला भुतांकडे जायचं होतं.

२०१५ पासून पर्यटकांना गाइडशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे तो नेईल तिकडे जाणं भाग. वूडू या आफ्रिकी मुळाच्या पंथाची राणी मारी लावो म्हणे डोक्याला फडकं बांधून रात्री इथे फिरते, अनादर करणाऱ्याच्या थोबाडीत मारते. तिच्या कबरीवर तीन फुल्या काढून लोक नवस बोलायचे. २०१३ मध्ये तर कुणीतरी अख्खी कबरच गुलाबी रंगवली. १८८१ मध्ये ती वारली तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं ते तिने पीतज्वराच्या रोग्यांच्या केलेल्या शुश्रूषेबद्दल. त्याचा इथे उच्चारही नाही.

पुढे हॉलिवूडचा नट निकोलस केजने स्वतःसाठी बांधून ठेवलेला पांढरा पिरॅमिड. तिथे फोटोंसाठी ही झुंबड.

आणि होमर प्लेसी? १८९२ मध्ये रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम जाऊन बसलेला, उठायला नकार देऊन अटक करवून घेतलेला माणूस. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टात तो खटला हरला आणि ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वर्णभेदाला १९५४ पर्यंत कायद्याचा आधार मिळाला. लुईझियाना राज्याने त्याला माफी दिली ती २०२२ मध्ये, तो जाऊन शतक होत आलं तेव्हा. त्याच्या कबरीपाशी गाइड चालता चालता नाव सांगून पुढे गेला. मी थांबून पाटी वाचत होते, तर मागून हाक: “मॅडम, ग्रुपसोबत राहा!”

भुतांच्या गोष्टी मलाही आवडतात, कोकणात आजोळ आहे माझं. पण खऱ्या माणसांचा वेळ खाऊन त्या सांगू नयेत. तुम्ही जाणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा, प्लेसीपाशी किती वेळ थांबणार? गाइड उत्तर द्यायला घुटमळला तर सरळ दुसरा बघा.